पायथनमध्ये डीबगिंग करताना या चुका टाळा

सदाशिव पेठेचा पिनकोड कुणी '४११०३०' लिहितं, कुणी '४११ ०३०'. पत्त्यांची फाइल वाचणारा प्रोग्रॅम पहिल्यावर नीट चालतो, दुसऱ्यावर व्हॅल्यूएरर (किंमत चुकीची असल्याची एरर) देतो. मजकुराचा पूर्णांक करणारा इंट() कडेची मोकळी जागा काढतो, मधली नाही. (पिनकोडांची बेरीज कुणी करत नाही, तो स्ट्रिंगच, म्हणजे मजकूरच, ठेवावा.)

इथेच सगळ्यांत महागात पडणारी चूक होते: त्या ओळीभोवती ट्राय लावून खाली नुसतं 'एक्सेप्ट: पास', म्हणजे 'कुठलीही एरर आली तरी काही करू नको', लिहिणं. प्रोग्रॅम थांबत नाही, पण ते पत्ते यादीतून गुपचूप गळतात आणि पार्सल का पोचलं नाही याचा माग उरत नाही. मोकळा एक्सेप्ट कंट्रोल-सीसुद्धा गिळतो, म्हणजे अडकलेला लूप थांबवणंही अवघड. फक्त व्हॅल्यूएरर पकडा, आणि लॉगमध्ये ओळीचा क्रमांक व मूळ मजकूर, लपलेली चिन्हंही दाखवणाऱ्या रेपर()मधून नोंदवा. कॉपी-पेस्टमधून आलेली, डोळ्यांना न दिसणारी शून्य रुंदीची जागा तिथे '\यू२००बी' अशी उघडी पडते.

जागोजागी प्रिंट पेरण्याऐवजी 'पायथन -एम पीडीबी -सी कंटिन्यू' यापुढे फाइलचं नाव देऊन प्रोग्रॅम पीडीबीत, म्हणजे पायथनसोबतच येणाऱ्या डीबगरमध्ये, चालवा. न पकडलेली एरर आली की तो तिथेच थांबतो, व्हेरिएबल्स जशीच्या तशी हाताशी असतात. ट्रेसबॅक, म्हणजे एररपर्यंत कोड कसा पोचला त्याची यादी, शेवटच्या ओळीपासून वाचा. एरर लायब्ररीच्या आत दिसली तर 'यू' (अप) ही आज्ञा देत आपल्या कोडपर्यंत वर या. चुकीची किंमत बहुधा तिथूनच गेलेली असते.

पीडीबीत नवखे हमखास फसतात ते दोन ठिकाणी. 'सी' नावाच्या व्हेरिएबलची किंमत बघायला नुसतं 'सी' टाइप केलं की प्रोग्रॅम पुढे धावतो, कारण ती कंटिन्यूची आज्ञा आहे. 'पी सी' लिहा ('पी' म्हणजे प्रिंट). दुसरं, रिकामं एंटर मागचीच आज्ञा पुन्हा चालवतं. 'एन' (पुढची ओळ) नंतर सवयीने एंटर दाबलं की हवी ती ओळ मागे पडते.

लूपमध्ये शेकडो वेळा 'सी' दाबत बसू नका. 'बी ४८, लेन(पिन) != ६' असा अटीचा ब्रेकपॉइंट (थांबा) घातला की ४८व्या ओळीवर फक्त चुकीच्या लांबीचाच पिन थांबवेल.

कोडमध्येच लिहून प्रोग्रॅम तिथे थांबवणारा ब्रेकपॉइंट() पायथन ३.७पासून, म्हणजे २०१८पासून आहे. सर्व्हरवर तो चुकून राहिला तर काम अडकतं किंवा बीडीबीक्विट ही डीबगरची एरर देऊन मरतं. तिथे 'पायथनब्रेकपॉइंट' हे एन्व्हायर्नमेंट व्हेरिएबल ० ठेवा.