सागवानी पॅनेलवर सीएनसी राउटरने गुळगुळीत कोरीवकाम

दरवाजाच्या सागवानी पॅनेलवर वेलबुट्टी कोरून झाली आणि तिच्यावर बारीक समांतर रेघा व उभे राहिलेले रेशे दिसू लागले, की बहुतेक कारखान्यांत लगेच पॉलिश पेपर हातात घेतला जातो. पेपरने रेघा जातात हे खरे, पण त्यांच्याबरोबर पाकळीची धार आणि देठाचा उठावही जातो. म्हणून गुळगुळीतपणा शक्यतो यंत्रावरच, म्हणजे संगणकाच्या आज्ञेने फिरत्या हत्याराने कोरणाऱ्या सीएनसी राउटरवरच, मिळवावा आणि पेपरकडे केवळ शेवटचा हलका हात ठेवावा, हे या कामाचे मुख्य सूत्र आहे.

पहिली तपासणी डिझाइनच्या फाइलची करावी. बाजारात फिरणारी पुष्कळ रिलीफ (उठावाची) डिझाइन्स ही ८ बिटची करडी चित्रे असतात; त्यांत छटेवरून उंची ठरते आणि उंचीच्या फक्त २५६ पातळ्या मावतात. २० मिमी खोलीच्या कोरीवकामात अशी प्रत्येक पातळी सुमारे ०.०८ मिमीची पायरी होते. ही पायरी तिरप्या प्रकाशात सहज दिसते आणि कितीही बारीक टूलपाथ (हत्याराच्या फेऱ्यांचा मार्ग) दिला तरी जात नाही, कारण यंत्र ती इमानेइतबारे कोरत असते. १६ बिटचे चित्र किंवा पुरेशी दाट जाळी असलेली एसटीएल फाइल (त्रिकोणांच्या जाळीने त्रिमिती आकार साठवणारी) घ्यावी. ८ बिटचे चित्रच वापरावे लागले तर सॉफ्टवेअरमध्ये पृष्ठभाग हलकेच स्मूद करून घ्यावा.

लाकूड सुके असावे. ओलावा ८ ते १२ टक्क्यांच्या दरम्यान असेल तर रेसा स्वच्छ कापला जातो. त्याहून बराच ओला तुकडा असेल तर बिट (राउटरचे फिरते कापणारे हत्यार) रेसा कापण्याऐवजी दाबून पुढे जाते आणि मागे लव उभी राहते. पट्ट्या जोडून पॅनेल केले असेल तर सर्व पट्ट्यांच्या रेशाची दिशा एकच ठेवावी, अन्यथा एका पट्टीवर आरशासारखे काम येते आणि शेजारच्या पट्टीवर रेसा उपटला जातो. शिसवाचा रेसा पुष्कळदा आलटून पालटून वळलेला असल्यामुळे तिथे हा त्रास अधिक होतो.

रफिंग, म्हणजे जादा माल काढणारी पहिली कोरणी, ६ मिमीच्या एंड मिलने (सपाट टोकाच्या बिटने) करून सगळीकडे ०.५ ते ०.८ मिमी माल शिल्लक ठेवावा. हा थर जितका सारखा, तितके फिनिशिंग (शेवटची बारीक कोरणी) चांगले येते. रफिंगच्या पायऱ्या उंच राहिल्या तर फिनिशिंगचे बारीक बिट कधी भरपूर माल कापते आणि कधी जवळजवळ काहीच कापत नाही, आणि त्या प्रत्येक बदलाबरोबर ते थोडे वाकते.

खरा निर्णय फिनिशिंगचे बिट आणि स्टेपओव्हर, म्हणजे शेजारच्या दोन फेऱ्यांमधले अंतर, यांचा असतो. दोन शेजारच्या फेऱ्यांमध्ये उरणाऱ्या रेघेची उंची काढण्यासाठी स्टेपओव्हरच्या वर्गाला टोकाच्या त्रिज्येच्या आठपटीने भागावे. ६ मिमी व्यासाच्या बॉल नोज (गोल टोकाच्या) बिटने ०.५ मिमी स्टेपओव्हर दिला तर रेघ सुमारे ०.०१ मिमी उंच राहते. तेवढीच रेघ १ मिमी व्यासाच्या टोकाच्या टेपर बॉल (टोकाकडे निमुळत्या, गोल टोकाच्या) बिटने मिळवायची असेल तर स्टेपओव्हर ०.२ मिमी ठेवावा लागतो. ६०० बाय ३०० मिमीच्या पॅनेलवर पहिल्या मार्गाने ६०० फेऱ्या, म्हणजे ३६० मीटर धाव होते आणि मिनिटाला ३,६०० मिमी फीडने (बिट पुढे सरकण्याच्या वेगाने) ती १०० मिनिटांत संपते. दुसऱ्या मार्गाने ९०० मीटर धाव होते आणि २,५०० च्या फीडने त्याला ६ तास लागतात. तरीही अनेक ठिकाणी संपूर्ण पॅनेल बारीक बिटनेच काढले जाते, कारण बिट बदलण्याचा कंटाळा असतो. योग्य रीत अशी, की आधी मोठ्या बॉलने पूर्ण पृष्ठभाग काढावा आणि नंतर पाकळ्यांच्या सांध्यांत व शिरांत, जिथे मोठे बिट पोचलेच नाही, तेवढ्याच भागावर टेपर बिट फिरवावे.

हा हिशेब सपाट जागेचा आहे. फेऱ्यांना आडवा ४५ अंशांचा उतार असेल तर रेघ दुप्पट उंच होते आणि ६० अंशांच्या उतारावर चौपट. म्हणूनच उठावाच्या बाजू खडबडीत आणि माथा गुळगुळीत असे दृश्य दिसते. अशा तीव्र उतारांपुरता पहिल्या दिशेला काटकोनात दुसरा टूलपाथ द्यावा. याउलट सपाट पार्श्वभूमीवर बॉल नोज वापरूच नये: बॉलच्या अगदी टोकाला कापण्याचा वेग शून्य असतो, त्यामुळे ते टोक लाकूड कापत नाही, घासते. तळ सपाट एंड मिलने किंवा कोपरे गोल असलेल्या बुल नोजने काढावा.

फेऱ्यांची मुख्य दिशा रेशाच्या दिशेने ठेवावी, म्हणजे उरलेल्या रेघा लाकडाच्या नक्षीत मिसळतात आणि पेपरही त्याच दिशेने चालतो. ये-जा करणाऱ्या टूलपाथमध्ये निम्म्या फेऱ्या क्लाइंब (धार जाड कीस घेऊन तो पातळ करत बाहेर पडते) आणि निम्म्या उलट्या कापाच्या होतात. ज्या भागात रेसा उपटला जातो तिथे फक्त क्लाइंब दिशेची एकेरी फेरी द्यावी. बिट रिकामे परतण्यात वेळ जातो, पण तेवढ्याच भागापुरता तो परवडतो.

दोन धारांच्या बिटला १८,००० आरपीएमवर (मिनिटाला फेरे) ३,६०० मिमी फीड दिला की प्रत्येक धार ०.१ मिमी माल घेते. परंतु बारीक नक्षीत यंत्राला वेग पकडायला जागाच मिळत नाही; स्क्रीनवर २,५०० लिहिलेले असताना प्रत्यक्षात १,००० च्या आसपास चाल असते, धार मालावर घासत राहते आणि लाकूड काळवंडते. अशा वेळी फीड वाढवून उपयोग होत नाही. आरपीएम कमी करावे. सागात सिलिका असल्यामुळे कार्बाइडची धारही लवकर बोथट होते, म्हणून फिनिशिंगचे बिट रफिंगला कधीच लावू नये. कोलेट (बिट घट्ट धरणारी पकड) व नट प्रत्येक बदलाच्या वेळी पुसावेत, कारण तिथे अडकलेली पूडही बिट डगमगवते आणि ती डगमग पृष्ठभागावर उतरते. कठीण लाकडाची बारीक पूड फुप्फुसांना व नाकाला घातक असते; डस्ट कलेक्टर चालू ठेवून मास्क लावावा.

यंत्रावरून पॅनेल उतरल्यावर नायलॉनचा अॅब्रेसिव्ह ब्रश रेशाच्या दिशेने फिरवून सुटी लव काढावी. मग सँडिंग सीलरचा (पॉलिशआधी लाकडाची छिद्रे बुजवणाऱ्या द्रावाचा) पातळ हात द्यावा. त्याने उरलेले रेशे उभे राहून कडक होतात आणि ३२० नंबरच्या पेपरच्या हलक्या हाताने तुटून पडतात. सागाच्या अंगच्या तेलामुळे सीलर नीट धरत नाही, म्हणून त्याआधी थिनरमध्ये भिजवलेल्या फडक्याने पॅनेल पुसून ते पूर्ण वाळू द्यावे. सीलर खाचांत साचू नये यासाठी तो भरपूर ओतण्याऐवजी अर्धवट कोरड्या ब्रशने लावावा आणि कोपऱ्यांत जमलेला थेंब लगेच टिपून घ्यावा.