नंबर कधी लागणार? अमेरिकेचे व्हिसा बुलेटिन कसे वाचावे

दर महिन्याच्या मध्याला कधीतरी अमेरिकेचे परराष्ट्र खाते पुढच्या महिन्याचे व्हिसा बुलेटिन, म्हणजे ग्रीन कार्डच्या रांगेत कोणत्या तारखेपर्यंतच्या अर्जांचा नंबर लागला हे सांगणारा तक्ता, काढते आणि न्यू जर्सीतल्या एडिसनपासून कोथरूडपर्यंत फोन सुरू होतात. "डेट हलली का?" "हलली थोडी." "मग आपला नंबर कधी?" या शेवटच्या प्रश्नाला बहुतेक जण वजाबाकी करून उत्तर देतात: समजा साल २०२५, तक्त्यात २०१३, म्हणजे बारा वर्षे. ही वजाबाकी फसवी आहे. आज ज्याचा नंबर लागला तो किती वर्षे थांबला होता, एवढेच त्या तारखेवरून कळते. तुमच्यापुढे रांगेत किती माणसे उभी आहेत, हे त्या तक्त्यात कुठेच नसते. तरीही तक्ता नीट वाचता आला, तर निदान घरातली लग्ने, मुलांची शिक्षणे आणि नोकरीचे बदल डोळे उघडे ठेवून ठरवता येतात.

पहिली पायरी: आपली तारीख शोधा

अर्ज पोचल्यावर इमिग्रेशन खात्याकडून आय-७९७ नावाची नोटीस येते. तिच्यावर 'प्रायॉरिटी डेट' छापलेली असते. हा तुमचा रांगेतला टोकन नंबर. कुटुंबाच्या अर्जात (आय-१३०) अर्ज दाखल झाला तो दिवस ही तारीख असते. नोकरीच्या अर्जात कंपनीने कामगार खात्याकडे पर्मचा (या कामाला अमेरिकेत माणूस मिळत नाही, अशा दाखल्याचा) अर्ज टाकला तो दिवस, आणि पर्म लागत नसेल तर आय-१४० (नोकरीच्या आधारे ग्रीन कार्डसाठीचा मूळ अर्ज) दाखल झाल्याचा दिवस. मंजुरीच्या तारखेचा रांगेशी संबंध नाही. घरातल्या फाइलीत दोन्ही तारखा असतात आणि फोनवर हमखास चुकीची सांगितली जाते.

दुसरी पायरी: रांग कोणती?

आधी हे पाहा की रांग आहे तरी का. अमेरिकन नागरिकाचा नवरा किंवा बायको, त्याची २१ वर्षांखालची अविवाहित मुले, आणि नागरिक २१ वर्षांचा झालेला असेल तर त्याचे आईवडील, यांना वार्षिक मर्यादा नाही. त्यांच्यासाठी बुलेटिन बघायचेच नाही. वेळ लागतो तो फक्त कागदपत्रांना. मात्र या अर्जावर दुसरे कोणी सोबत येत नाही. आईबाबांचा अर्ज केला म्हणून धाकट्या बहिणीचे काम आपोआप होत नाही.

बाकीच्या नात्यांसाठी चार वर्ग आहेत. एफ-१ म्हणजे नागरिकाची २१ वर्षांवरची अविवाहित मुले. एफ-२ए म्हणजे ग्रीन कार्डवाल्याचा जोडीदार आणि लहान मुले, तर एफ-२बी म्हणजे त्याचीच मोठी, अविवाहित मुले. एफ-३ नागरिकाच्या विवाहित मुलांचा, आणि एफ-४ नागरिकाच्या भावंडांचा. या सगळ्यांत मिळून वर्षाला २,२६,००० व्हिसा. नोकरीच्या बाजूला वर्षाला १,४०,०००. त्यात ईबी-१ (असामान्य कर्तृत्वाचे वगैरे लोक), ईबी-२ (उच्च पदवीधर) आणि ईबी-३ (कुशल कामगार व पदवीधर) यांना प्रत्येकी २८.६ टक्के, म्हणजे साधारण ४०,०४०. ईबी-४ आणि ईबी-५ आपल्याकडच्या बहुतेकांच्या कामाचे नाहीत, ते इथे सोडतो.

या आकड्यांतली खोच अशी की मोजली जातात माणसे, अर्ज नव्हेत. चौघांचे कुटुंब म्हणजे चार व्हिसा खर्च.

तिसरी पायरी: देशाचा रकाना

एका देशाला एकूण व्हिशांपैकी ७ टक्क्यांहून जास्त मिळत नाहीत. भारत असो वा आइसलँड, टक्का तोच. ज्या देशांची मागणी या टक्क्याबाहेर जाते त्यांना तक्त्यात वेगळा रकाना मिळतो: चीन, भारत, मेक्सिको, फिलिपिन्स. ईबी-२ मध्ये भारताच्या वाट्याला नियमाने वर्षाला सुमारे २,८०० व्हिसा येतात, तेही बायकामुले धरून. इतर देशांनी न वापरलेले उरले तरच त्यात भर पडते. पुण्याबंगळूरहून गेलेल्या इंजिनिअरांची गर्दी डोळ्यांपुढे आणा, म्हणजे रांग का तुंबली हे वेगळे सांगायला नको.

रकाना ठरतो जन्माच्या देशावरून, पासपोर्टवरून नाही. पोर्तुगीज नागरिकत्व घेतलेला गोव्यात जन्मलेला माणूस भारताच्याच रकान्यात बसतो. कॅनडाचे नागरिकत्व घेतलेला नागपूरकरही तिथेच. उलट बाजूने एक वाट मात्र उघडी राहते, आणि ती ठाऊक नसल्यामुळे लोक वर्षानुवर्षे उगाच थांबतात. नवराबायको सोबत स्थलांतर करत असतील तर दोघांपैकी कोणाच्याही जन्माचा देश धरता येतो. नवरा सांगलीचा, पण बायकोचा जन्म वडिलांच्या नोकरीमुळे कुवेतला किंवा दुबईला झालेला असेल, तर सगळे कुटुंब 'इतर सर्व देश' या रकान्यात जाऊ शकते. जन्मदाखला कपाटातून काढून बघा. मुलाच्या जन्मावरून मात्र आईवडिलांना हा फायदा मिळत नाही.

चौथी पायरी: तक्ते दोन, कोणता बघायचा?

ऑक्टोबर २०१५ पासून बुलेटिनमध्ये प्रत्येक बाजूसाठी दोन तक्ते असतात. पहिला अंतिम कार्यवाहीचा: त्यातली तारीख तुमच्या तारखेच्या पुढे गेली की व्हिसा किंवा ग्रीन कार्ड प्रत्यक्ष मिळू शकते. दुसरा कागद भरण्याचा: त्यात तारीख आली की पुढचे अर्ज टाकता येतात. अमेरिकेतच राहून आय-४८५ (ग्रीन कार्डचा शेवटचा अर्ज) भरणाऱ्यांनी कोणता तक्ता धरायचा हे इमिग्रेशन खाते दर महिन्याला वेगळे जाहीर करते, आणि तेच बघायचे राहून जाते. दुसरा तक्ता चालत असेल त्या महिन्यात अर्ज टाकणे फायद्याचे. ग्रीन कार्ड नंतर येईल, पण कामाचा परवाना आणि प्रवासाचा परवाना मागता येतो, आणि नोकरी गेली तर व्हिसाही जाईल ही टांगती तलवार जराशी वर सरकते.

तक्त्यात 'सी' असेल तर रांग नाही, 'यू' असेल तर दार बंद. तारीख असेल तर तुमची तारीख तिच्या आधीची हवी. तीच असून भागत नाही, एक दिवस आधीची लागते.

पाचवी पायरी: अंदाज बांधताना

आता कठीण भाग. भारतासाठी ईबी-२ च्या पहिल्या तक्त्याचा प्रवास बघा. ऑक्टोबर २०२० मध्ये तारीख होती १ सप्टेंबर २००९. सप्टेंबर २०२२ मध्ये ती १ डिसेंबर २०१४ झाली: दोन वर्षांत पाच वर्षांहून जास्त. लोकांनी पेढे वाटले. मग ऑक्टोबर २०२२ मध्ये ती थेट १ एप्रिल २०१२ वर मागे आली, आणि एप्रिल २०२३ मध्ये आणखी मागे, १ जानेवारी २०११ वर. ऑक्टोबर २०२३ मध्ये १ जानेवारी २०१२, ऑक्टोबर २०२४ मध्ये १५ जुलै २०१२. म्हणजे शेवटच्या त्या बारा महिन्यांत रांग साडेसहा महिने पुढे सरकली.

मधली उडी कोविडची. वकिलाती बंद असल्यामुळे कुटुंबाच्या कोट्यातले व्हिसा उरले, आणि कायद्याप्रमाणे ते पुढच्या वर्षी नोकरीच्या बाजूला गेले. २०२२ च्या आर्थिक वर्षात नोकरीचा कोटा नेहमीच्या दुप्पट, दोन लाख ऐंशी हजारांच्या पुढे होता. असे वर्ष पुन्हा येईल असे धरून गृहकर्ज काढू नये.

तारीख मागे जाण्याला 'रेट्रोग्रेशन' म्हणतात. अमेरिकेचे सरकारी वर्ष १ ऑक्टोबरला सुरू होते, त्यामुळे कोटा संपत आला की साधारण ऑगस्ट-सप्टेंबरात हा प्रकार होतो. परराष्ट्र खात्याचे लोक तारीख नळासारखी वापरतात: अर्ज कमी पडले की सोडायची, गर्दी झाली की बंद. जुलै २००७ च्या बुलेटिनमध्ये नोकरीचे जवळजवळ सगळे वर्ग 'करंट' (म्हणजे 'सी', रांग नाही) झाले आणि २ जुलैला परराष्ट्र खात्याने ते मागे घेतले. तेव्हा हजारोंचे कागद पाकिटात तयार होते. भारतीयांनी मोर्चा काढण्याऐवजी गांधीगिरी केली आणि इमिग्रेशन खात्याच्या संचालकांना शेकडो फुलांचे गुच्छ पाठवले. संचालकांनी ती फुले जखमी सैनिकांच्या रुग्णालयात पाठवली. त्याच महिन्यात निर्णय फिरला आणि १७ ऑगस्टपर्यंत अर्ज स्वीकारले गेले.

म्हणून अंदाज बांधायचा तर एका महिन्याच्या हालचालीवर बांधू नका. मागच्या पाचसात वर्षांतली प्रत्येक ऑक्टोबरची तारीख एका कागदावर लिहा, कोविडच्या वर्षांवर फुली मारा, उरलेल्या गतीने आपल्या तारखेपर्यंत किती वर्षे ते काढा. उत्तर वाचून धक्का बसेल. ईबी-२ मध्ये २०२० नंतरची तारीख असलेल्या भारतीयाला तो बसणारच.

नोकरीवाल्यांना एवढा दिलासा आहे की आय-१४० मंजूर झाला असेल तर एच-१बी (नोकरीचा तात्पुरता व्हिसा) सहा वर्षांनंतरही तीन-तीन वर्षांनी वाढवता येतो, आणि कंपनी बदलली तरी जुनी प्रायॉरिटी डेट साधारणपणे आपल्याकडेच राहते. नवीन कंपनीला पर्म आणि आय-१४० पुन्हा करावे लागतात, पण रांगेत पुन्हा शेवटी जावे लागत नाही.

लग्न आणि वय

ग्रीन कार्डवाल्या वडिलांनी मुलीचा एफ-२बी अर्ज केला आणि वाट बघून कंटाळून तिचे लग्न लावून दिले, तर अर्ज संपला. ग्रीन कार्डवाल्याच्या विवाहित मुलांसाठी वर्गच नाही. वडील आधी नागरिक झाले असते तर तो अर्ज एफ-१ आणि लग्नानंतर एफ-३ झाला असता; रांग वाढली असती, पण अर्ज जिवंत राहिला असता. त्यामुळे मुहूर्त काढण्याआधी वडिलांच्या नागरिकत्वाच्या शपथविधीची तारीख बघा.

एफ-४ मध्ये घाव बसतो तो भाचेपुतण्यांना. २०२५ मध्ये भारताची एफ-४ तारीख २००६ सालातच फिरत होती. अर्जाच्या वेळी चार वर्षांचा असलेला पुतण्या नंबर लागेपर्यंत २३ चा होतो आणि २१ नंतर तो आईवडिलांच्या अर्जात बसत नाही. इथे २००२ चा एक कायदा मदतीला येतो: आय-१३० जितका काळ मंजुरीविना पडून होता, तितका काळ मुलाच्या वयातून वजा होतो. अर्ज चार वर्षे रखडला असेल तर २३ वजा ४, वय १९, पोरगा आत. तोच अर्ज सहा महिन्यांत मंजूर झाला असता तर पोरगा बाहेर. सरकारी दिरंगाईचा असा फायदा दुसरीकडे क्वचितच बघायला मिळेल. वय मोजताना पहिल्या तक्त्यातली तारीख धरा, आणि नंबर लागल्यापासून एका वर्षात पुढचे पाऊल टाका. नाहीतर ही वजाबाकीही वाया जाते.

तारीख आली, पुढे?

भारतातल्या अर्जांचे कागद आधी राष्ट्रीय व्हिसा केंद्राकडे जातात: डीएस-२६० अर्ज, फी, जन्मदाखले, विवाहाचे प्रमाणपत्र, पोलिसांचा दाखला आणि कुटुंबाच्या अर्जात अमेरिकेतल्या नातेवाइकाचे आर्थिक हमीपत्र. वर्षभर त्यांच्या पत्राला उत्तरच दिले नाही तर अर्ज रद्द होऊ शकतो. म्हणून पत्ता आणि ईमेल बदलला की कळवा. २००६ मधला ईमेल आज किती जणांना उघडता येतो? जुन्या जन्मदाखल्यावर नुसते 'मुलगा' लिहिलेले असेल किंवा आडनावाचे स्पेलिंग पासपोर्टशी जुळत नसेल, तर ग्रामपंचायतीत किंवा महापालिकेत आत्ताच चकरा सुरू करा. त्यासाठी नंबर जवळ येण्याची वाट बघू नका.

भारतातल्या बहुतेक इमिग्रंट मुलाखती मुंबईत, वांद्रे-कुर्ला संकुलातल्या वकिलातीत होतात. मुलाखतीआधी ठरवून दिलेल्या डॉक्टरांकडे तपासणी असते. व्हिसा साधारण सहा महिन्यांपुरता असतो आणि त्या मुदतीत अमेरिकेत उतरावे लागते. पासपोर्टवर शिक्का बसेपर्यंत फ्लॅट विकू नका आणि राजीनामाही देऊ नका. मुलाखतीनंतर एखादा कागद मागून फाइल महिनोन्‌महिने अडकते, तेव्हा भाड्याच्या घरात बसून वाट बघावी लागते.