लव्हाळा उपटूनही जात नाही? सांदवाडीत या चुका टाळा

सांदवाडीत, म्हंजे घरामागच्या भाजीच्या वाडीत, लव्हाळा झाला की आपल्याकडं ठरलेला प्रोग्राम असतो, पाऊस उघडला की खुरपं घेऊन बसायचं, दुपारपर्यंत वाफा चकाचक करायचा आणि आठव्या दिवशी पाहावं तर परत हिरवागार, उलट पहिल्यापेक्षा दाट. मग कोणी म्हणतं जमीनच खराब आहे, कोणी म्हणतं औषध मारा, कोणी थेट वाफाच सोडून देतं. जमिनीचा काही दोष नसतो भाऊ. लव्हाळ्याचा सगळा माल जमिनीखाली, गाठीत असतो, आणि आपण सगळी मेहनत वरच्या पानावर करतो. तुम्ही जे काही कराल त्यानं खालच्या गाठीचं काय होतं एवढं एकच पाहायचं.

आधी तो लव्हाळाच आहे का ते पाहा

कितीतरी जण हरळी आणि लव्हाळा एकाच मापानं मोजतात. हरळीच्या कांड्या जमिनीवरून पसरतात आणि पेरापेराला मुळं सोडतात, तिचा इलाज वेगळा. लव्हाळ्याची फुलाची दांडी दोन बोटात धरून फिरवा, तीन धारा हाताला लागतात, गवताची दांडी गोल किंवा चपटी असते. पानं तीन बाजूंनी निघतात, आणि तुरा लालसर तपकिरी असला तर तो आपला नेहमीचा नागरमोथा, ज्याला आयुर्वेदात मुस्ता म्हणतात. आता औषधी आहे म्हणून राहू द्या म्हणणारी आजी प्रत्येक घरात असते, तर तिच्यासाठी एका फुटक्या कुंडीत दोन गाठी लावून द्या, वाफ्यात नको.

भंडारा-गोंदियाकडं धानाच्या बांधीत जो बारीक मोथा येतो त्यातला बराचसा बियांपासून येणारा, एका हंगामाचा असतो. उपटला की खाली नुसतं मुळांचं झुपकं निघतं, गाठ नसते. तो फुलावर यायच्या आत उपटला की काम संपलं. खाली दिलेली सगळी कटकट गाठवाल्यासाठी आहे, त्यामुळं एक झाड सब्बलनं नीट खणून पाहा, काळी खरबरीत गाठ निघाली तरच पुढं वाचा.

एकदाच निंदून मोकळं होणं

सगळ्यात मोठी चूक हीच आणि सगळेच करतात.

जमिनीखाली या गाठी बारीक दोरीसारख्या मुळीनं एकमेकींना जोडलेल्या असतात, साखळी असते. साखळी शाबूत असेपर्यंत टोकाची गाठ बाकीच्यांना दाबून ठेवते, म्हणून बऱ्याचशा गाठी नुसत्या झोपून राहतात. तुम्ही खुरप्यानं किंवा पॉवर टिलरनं ती साखळी तोडली की झोपलेल्या गाठी सुट्या होतात आणि एकेक करून फुटतात, म्हणून निंदल्यावर लव्हाळा जास्त वाटतो, आणि तो खरंच जास्त असतो. वरून हातानं ओढलं तर पान बुडातून तुटतं, गाठ तिथंच राहते, आणि एका गाठीला एकापेक्षा जास्त डोळे असतात, एक फूट गेली की दुसरा डोळा तयारच.

पण मंग निंदायचंच नाही का? निंदायचं, फक्त एकदा नाही. गाठ फुटते तेव्हा ती स्वतःतला साठा खर्च करून पान वर काढते, आणि पानं पाच-सहा झाली, म्हंजे साधारण तीन आठवडे उलटले, की पानाचा माल परत खाली जायला लागतो आणि नवीन गाठी धरायला लागतात. त्या आत तुम्ही परत पान काढलं तर गाठीचा खर्च झाला आणि जमा काहीच नाही. असं परत परत झालं की गाठ रिकामी होऊन मरते. अमेरिकेत अलाबामामध्ये १९३८ सालीच हे करून पाहिलं होतं, तीन-तीन आठवड्यांनी मशागत, सलग दोन हंगाम, आणि लव्हाळा संपला. तीच मशागत एकदा करून सोडली असती तर उलट वाढला असता.

आपल्या पावसाळ्यात मी तर पंधरा दिवसांचा फेरा धरा म्हणतो, कारण झडी लागली की चार-पाच दिवस वाफ्यात पाय टाकता येत नाही, काळी माती पायाला किलो-किलो चिकटते, आणि तीन आठवड्यांचा हिशेब मग पाचावर जातो. पोळ्याच्या, महालक्ष्म्यांच्या गडबडीत एक फेरा चुकतो आणि नेमका तोच फेरा गाठी भरून देतो, हे दरवर्षी होतं. दिवस मोजायचा कंटाळा असेल तर पानं मोजा, चार पानं दिसली की खुरपं हातात.

उन्हाळा फुकट घालवणं

लव्हाळ्याची गाठ पाण्याला मरत नाही, पुराला मरत नाही, पण वाळली की मरते. आणि वाळवायला विदर्भाच्या उन्हाळ्याइतकं चांगलं हत्यार कुठं मिळणार. चंद्रपूर, अकोला, ब्रह्मपुरीला पारा पंचेचाळीसच्या वर जातो तेव्हा आपण कूलरसमोर बसून शिव्या देतो, पण वावरात उन्हाळवाही (उन्हाळ्यातली नांगरणी) करतो ती काय उगाच? सांदवाडीत मात्र कोणी करत नाही.

मार्च-एप्रिलमध्ये वाफा रिकामा झाला की पाणी पूर्ण बंद करायचं आणि कुदळीनं, टिकासानं किमान वीतभर खोल खणायचं, बहुतेक गाठी तेवढ्यातच असतात, थोड्या त्याखाली. इथं दोन गोष्टी चुकतात. एक, काळ्या मातीची मोठमोठी ढेकळं तशीच पडू देतात, आणि ढेकळाच्या पोटात गाठ मस्त ओली राहते, वरून कितीही ऊन असो. म्हणून आठ-दहा दिवसांनी ढेकळं फोडायची, उलटवायची, दिसतील तेवढ्या गाठी वेचायच्या, नवतप्यापर्यंत (मे अखेरच्या कडक उन्हाच्या नऊ दिवसांपर्यंत) दोन-तीनदा हे झालं पाहिजे. आणि दुसरी गोष्ट न्हाणीचं पाणी. बहुतेक सांदवाडीत न्हाणीचं, भांडे घासायचं पाणी पाइपानं किंवा नालीनं सोडलेलं असतं, तिथं केळी असते, अळू असतो, आणि त्याच्या बाजूलाच गावातला सगळ्यात तगडा लव्हाळा असतो. बाकी वाफा कितीही वाळवा, या ओल्या कोपऱ्यातून तो जून लागला की परत पसरतो. त्या दोन महिन्यांसाठी नाली वळवा किंवा तेवढ्या भागाला खोल चर मारून वेगळं करा.

काळी पन्नी अंथरणं

मल्चिंगची काळी पन्नी मिरचीला, टरबुजाला छान आहे पण लव्हाळ्याचं टोक इतकं कडक आणि अणकुचीदार असतं की ते पन्नीतून आरपार निघतं, ज्यांनी ड्रिप-मल्चिंगवर भाजीपाला लावला त्यांना माहिती आहे. सोयाबीनचं कुटार जाड अंथरलं तर बाकी तण बरंच दबतं, लव्हाळा मात्र त्यातून वर येतोच.

पन्नीच वापरायची तर पारदर्शक वापरा, २५ मायक्रॉनच्या आसपासची पातळ. ऐकायला उलटं वाटतं. काळ्या पन्नीखाली अंधार असतो म्हणून कोंब टोकदारच राहून वर घुसत जातो, पारदर्शक पन्नीखाली उजेड लागला की त्याला वाटतं आपण बाहेर आलो, तो पान उघडतो आणि तिथंच भाजतो. एप्रिलच्या मध्यात वाफा सपाट करून एकदा भरपूर पाणी द्या, पन्नी मातीला चिकटून ताणा, चारही कडा मातीत गाडा, आणि चार ते सहा आठवडे हात लावू नका. कडा उघडी राहिली, कुत्रं त्यावर झोपलं, बकरीनं पाय टाकला, की गरमी निघून जाते. आणि यानं वरच्या थरातल्या गाठी मरतात, खोलवरच्या राहतात, त्यामुळं पावसाळ्यातले फेरे काही चुकत नाहीत.

बरं, एकाच वाफ्यात खणून वाळवणं आणि पाणी देऊन पन्नी टाकणं हे दोन्ही एकदम करू नका, एकात गाठ कोरडी पाहिजे आणि दुसऱ्यात माती ओली पाहिजे, अर्धं-अर्धं केलं तर दोन्ही जातात. पाण्याची टंचाई असेल तर सरळ वाळवा.

उपटलेला लव्हाळा उकिरड्यावर टाकणं

घमेल्यात भरून थेट उकिरड्यावर, आणि पुढच्या वर्षी तेच शेणखत म्हणून परत वाफ्यात. आपल्या उकिरड्यात आतपर्यंत सगळीकडं सारखी गरमी येत नाही, कडेच्या गाठी आरामात जिवंत राहतात. उपटलेला माल टिनावर, स्लॅबवर किंवा अंगणातल्या फरशीवर पसरवा, मातीवर नको, पावसाळ्यात ऊन नसेल तर शेडमध्ये ठेवून सुकू द्या आणि पूर्ण वाळल्यावर चुलीत घाला.

लव्हाळा बाहेरून येतो तोही असाच. विकतचं शेणखत, नर्सरीच्या कलमाच्या पिशवीतली माती, तलावातला गाळ. गाळमुक्त धरण, गाळयुक्त शिवार योजना २०१७ मध्ये आल्यापासून तलावाचा गाळ वावरात टाकायची चांगली सवय लागली, वावराला तो सोनं आहे, पण तलावाच्या काठाकाठानं लव्हाळा असतोच आणि त्या काठचा एक ट्रॅक्टर सांदवाडीत रिता केला म्हंजे स्वतःच्या हातानं पेरणी झाली. खत-माती आणली की आधी एका टोपल्यात भरून दोन-तीन आठवडे पाणी देऊन पाहा, जे यायचं ते त्यात येऊन जातं.

कृषी केंद्रातून काहीतरी आणून मारणं

"तणावरचं औषध द्या" म्हटलं की समोरचा जे असेल ते देतो. क्विझॅलोफॉपसारखी औषधं फक्त गवतवर्गीय तणावर चालतात, लव्हाळा गवत नाहीच, त्यामुळं हरळी पिवळी पडते आणि लव्हाळ्याला मोकळी जागा मिळते. हॅलोसल्फ्युरॉन मिथाइल लव्हाळ्यावर खरंच चालतं, पण ते ऊस आणि मक्यासाठी आहे, वांगे, भेदरं (टमाटे), पालक, सांबार (कोथिंबीर) असलेल्या वाफ्यात मारायचं नाही. ग्लायफोसेट हिरव्या पानातून खाली जातं, ज्या गाठीला पानच फुटलं नाही तिला ते पोचत नाही, शिवाय गढूळ पाण्यात कालवलं की मातीच्या कणांना चिकटून त्याचा जोर जातो. ऑक्टोबर २०२२ मध्ये केंद्रानं त्याची फवारणी फक्त पेस्ट कंट्रोल ऑपरेटरकडूनच करायची अशी अधिसूचनाही काढली होती. आणि टू-फोर-डी हे तणनाशक तर पऱ्हाटीच्या (कपाशीच्या) मुलखात काढूच नका, नुसता वाऱ्यानं उडालेला अंश किंवा न धुतलेला पंप पुरतो, कपाशीची पानं भेंडीच्या पानासारखी लांबट, फाटलेली होतात आणि शेजाऱ्याशी भांडण ते वेगळं.

घरच्या भाजीच्या वाफ्यात काहून करता एवढं? यवतमाळात २०१७ मध्ये फवारणीच्या विषबाधेनं शेतकरी-शेतमजूर गेले ते कपाशीवरच्या कीटकनाशकांमुळं, तणनाशकामुळं नाही, पण तोंडाला रुमाल न बांधता, उघड्या पायानं, वाऱ्याच्या उलट फवारायची सवय तीच आहे आणि सांदवाडीत लेकरं खेळतात.

मीठ, डिझेल, रॉकेल टाकणाऱ्यांना तर हात जोडून नमस्कार. लव्हाळा दोन पावसात परत येतो, वांगं येत नाही.

त्याच वाफ्यात कांदा-लसूण लावणं

लव्हाळ्याला सावली सोसत नाही, सावलीत तो मरत नाही लगेच पण गाठी फार कमी धरतो. आणि आपण लावतो काय, कांदा, लसूण, सांबार, ज्यांची सावली उंदराला पुरत नाही. लव्हाळ्याच्या वाफ्यात दोन वर्षं तरी हे नको. जूनमध्ये बोरू किंवा धैंचा दाट फेका, दीड महिन्यानं फुलावर यायच्या आत कापून मातीत गाडा, आणि गाडताना साखळ्या तुटतातच तर त्यानंतरचे निंदणीचे फेरे विसरू नका. बोरू नको असेल तर बरबटी (चवळी), कोहळं, रताळी असं जमीन झाकणारं काही लावा, वेल पसरेपर्यंतचा पहिला महिना निंदावं लागतं, नंतर काम निम्म्यावर येतं. वाफा रिकामा ठेवणं सगळ्यात वाईट, पावसाळ्यात रिकामा वाफा म्हंजे लव्हाळ्याचाच वाफा.

कुंपणाच्या कडेचा लव्हाळाही सोडू नका, तिथून मुळ्या आत येतात, वीत-दीड वीत खोल चर काढून ठेवला आणि तो अधूनमधून साफ केला तर आत येणारी मुळी दिसते तरी.

उन्हात वाळवलेल्या गाठी मेल्या की नाही हे वरून कळत नाही, जिवंत असो की मेलेली, दोन्ही काळ्याच दिसतात. दहा-बारा गाठी ब्लेडनं मधोमध कापा. आतून पांढऱ्या, ओलसर आणि वास येणाऱ्या निघाल्या तर अजून जीव आहे, आणखी आठवडाभर पसरवा. आत तपकिरी, कोरडी, पोकळ निघाली तर गेली. एकाही गाठीत पांढरं दिसलं तर ढीग मातीवर टाकायचा नाही, आणि शंका असेल तर चूल आहेच.