खाडीच्या मासळीबद्दल लोकांना सांगताना या चुका टाळा

ठाणे खाडीत कारखान्यांची आणि गटारांची घाण येते, म्हणून तिथल्या मासळीबद्दल लोकांना सावध करावं लागतं. त्यात सगळ्यात महागात पडणारी चूक म्हणजे सरसकट "मासे खाऊ नका" असं सांगून मोकळं होणं. ठाणे खाडीकाठच्या गरोदर बाईने ते मनावर घेतलं तर ताटातली स्वस्त प्रथिनं जातात, बाळाच्या मेंदूला लागणारं ओमेगा-3 जातं आणि त्या जागी बहुधा चहा-बिस्कीट येतं. सांगायचं तर माशाचं नाव घेऊन सांगा. भीती पाऱ्याची, आणि तो जास्त साठतो तो इतर मासे खाऊन मोठ्या होणाऱ्या, दीर्घायुषी माशांत. मुशी, म्हणजे मोरी (शार्क), त्यातली. मांदेली, तारली, बांगडा यांत तो बराच कमी.

मुशीचं प्रकरण नाजूक आहे. बाळंतिणीला दूध यावं म्हणून मोरीचं कालवण करायची रीत कोकणात आहे. तमिळ घरांत याच कारणासाठी सुरा पुट्टू, म्हणजे शार्कचाच एक पदार्थ, होतो. इथे सुनेला बाजूला घेऊन समजावण्यात अर्थ नाही, कालवण सासू करते. तिच्यासमोर रीतीची टिंगलही नको. "मावशी, कालवण कराच, फक्त मोरीऐवजी मांदेली घाला," एवढं म्हटलं की मान राहतो आणि मासळीही राहते.

"नीट शिजवा म्हणजे झालं" हेही अर्धवट. शिजवल्याने जंतू मरतात. पारा माशाच्या मांसातच असतो; कोकम घाला, तळा, उकळा, तो जात नाही. पीसीबीसारखी कारखानी रसायनं मात्र चरबीत साठतात, म्हणून कातडी आणि पोटाकडची चरबी काढली तर ती कमी होतात. पत्रकात दोन्ही एकाच वाक्यात कोंबली की वाचणारा सोयीचं तेवढंच उचलतो.

ग्रॅमचे आकडेही तसेच. अमेरिकेत गरोदर महिलांना कमी पाऱ्याचे मासे आठवड्याला 225 ते 340 ग्रॅम खायला सांगतात. आपल्याकडे मांदेली वाट्याने घेतात, काटा कोण बघतो? आठवड्यातून दोन-तीनदा, दरवेळी तळहाताएवढी मासळी, असं सांगा.

"फ्लेमिंगो येतात म्हणजे पाणी चांगलं" असं कुणी म्हणालं तर हसू नका, समजावा. खाडीला 2022 मध्ये रामसर दर्जा, म्हणजे जागतिक महत्त्वाची पाणथळ जागा हा मान, मिळाला हे खरं. पण ज्या शेवाळावर हे पक्षी जगतात ते सांडपाण्यावरही पोसतं.

फलक फक्त मासळी बाजारात लावणं ही आणखी एक चूक. पुलावर गळ टाकून बसणारा बिहारी किंवा बंगाली मजूर बाजारात येतच नाही. त्याच्यासाठी जेट्टीवर, त्याच्या भाषेत, माशाच्या चित्रासह फलक हवा.

आणि कोळणीला विचारल्याशिवाय पत्रक छापू नका. घाण कारखान्यांची आणि गटारांची, फटका तिच्या पाटीला. मग ती गिऱ्हाइकाला "काय नाय होत, खा" म्हणणारच. आधी तिच्याशी बोलणं झालं असेल तर पोटुशी बाई समोर आली की तीच मुशी बाजूला सारून बांगडा पुढे करेल. जून-जुलैच्या मासेमारीबंदीत हे बोलणं उरकून घ्या. तेव्हा बाहेरची ताजी मासळी कमी येते, खाडीतल्या निवट्या-चिंबोऱ्यांना मागणी वाढते आणि नेमके प्रश्न तेव्हाच येतात.