मॅटोमोचा डेटाबेस फुगतोय? तो आवरायचा कसा

स्वतःच्या सर्व्हरवर मॅटोमो (साइटवर कोण आलं, काय पाहिलं याची आकडेवारी ठेवणारं सॉफ्टवेअर, 2018 पूर्वीचं पिविक) चालवणाऱ्यांना कधी ना कधी होस्टिंगवाल्याचा इशारा येतोच: डिस्क भरत आली. बघायला जावं तर साइट एवढीशी आणि तिच्या आकडेवारीचा डेटाबेस तिच्या कितीतरी पट मोठा. घाईघाईने टेबलं रिकामी करू नका, क्रमाने जा.

1. आधी मोजा. पीएचपी-माय-ॲडमिनमध्ये (ब्राउझरमधून डेटाबेस बघायचं साधन) टेबलं आकारानुसार लावा. नावात 'लॉग' असलेल्या टेबलांत कच्च्या नोंदी असतात: कोण आलं, कुठलं पान पाहिलं. 'आर्काइव्ह'वाल्या टेबलांत त्यांवरून बनलेले अहवाल, दर महिन्याची वेगळी टेबलं. कुठला गट मोठा आहे, यावर पुढचं ठरतं. बहुतेक ठिकाणी तो लॉगचाच निघतो.

2. आवक कमी करा. ही पायरी सगळे गाळतात आणि सहा महिन्यांनी परत तिथेच येतात. पान 25, 50, 75, 100 टक्के स्क्रोल झाल्याचे इव्हेंट (पाहुण्याने पानावर काय केलं त्याच्या वेगळ्या नोंदी) कुणीतरी हौसेने लावलेले असतात. रोज 10,000 पानं पाहिली जात असतील तर त्यापायी रोज 40,000 पर्यंत जादा ओळी पडतात. तो अहवाल शेवटचा कुणी उघडला होता? कुणीच नसेल तर इव्हेंट काढून टाका.

दुसरा चोर म्हणजे यूआरएलची शेपटं, म्हणजे पानाच्या पत्त्यात '?' नंतर येणारे पॅरामीटर. फेसबुक आणि गूगलच्या जाहिरातींची मॅटोमो आपणहून कापतो, पण तुमच्या साइटचे सॉर्ट, फिल्टर, शोध यांचे पॅरामीटर त्याला माहीत नसतात. एकच पान शंभर शेपटांनी आलं की शंभर वेगळी पानं धरली जातात. अहवालही बिघडतो, कारण मूळ सेटिंगप्रमाणे ठरावीक ओळींपुढचं सगळं 'इतर'मध्ये ढकललं जातं. वेबसाइट सेटिंगमधल्या वगळायच्या पॅरामीटरांच्या यादीत ही नावं घाला. परिणाम पुढच्या नोंदींवरच होतो, जुन्या तशाच राहतात.

3. अहवाल तयार आहेत ना, बघा. अहवाल बनवणारा क्रॉन (सर्व्हरवर ठरल्या वेळी आपोआप चालणारं काम) बंद पडलेला असताना कच्चा डेटा उडवला, तर त्या दिवसांचे अहवाल कायमचे गेले. मागचे काही महिने उघडून आकडे दिसतात का पाहा, मग डेटाबेसचा बॅकअप घ्या आणि तो त्याच डिस्कवर ठेवू नका.

4. कच्चा डेटा किती दिवस ठेवायचा ते ठरवा. प्रायव्हसी विभागात जुना कच्चा डेटा नियमित पुसण्याची सोय आहे, तिथे 180 दिवस सुचवलेले असतात. जुने अहवाल शाबूत राहतात, मात्र पुसलेल्या काळासाठी नवा सेगमेंट (पाहुण्यांचा निवडक गट, उदा. फक्त मोबाइलवरचे) बनवून मागचे आकडे काढता येत नाहीत. दिवाळीची तुलना मागच्या दिवाळीशी नव्या पद्धतीने करावी लागत असेल, तर 400 दिवस ठेवा. साध्या ब्लॉगला 180 सुद्धा पुष्कळ. पहिली सफाई मोठी असते, ती रात्री होऊ द्या.

5. जागा परत मिळवा. इथे लोक चक्रावतात: लाखो ओळी पुसल्या, तरी डिस्क तेवढीच भरलेली! इनोडीबी (डेटाबेसमधली टेबलं साठवणारी यंत्रणा) मोकळी झालेली जागा नव्या नोंदींसाठी स्वतःकडेच राखून ठेवतं. ती सर्व्हरला परत हवी तर 'ऑप्टिमाइझ टेबल' चालवावं लागतं. त्यात टेबल नव्याने लिहिलं जातं, म्हणून काम चालू असताना साधारण नव्या टेबलाएवढी मोकळी जागा हाताशी लागते. डिस्क 98 टक्के भरेपर्यंत थांबलात तर हा मार्गही बंद. लहान टेबलापासून सुरुवात करा.

6. आर्काइव्ह फुगलं असेल तर सेगमेंट तपासा. प्रत्येक सेगमेंटचे दिवस, आठवडा, महिना, वर्ष असे सगळे अहवाल वेगळे साठतात. सोडून गेलेल्या सहकाऱ्याचे सेगमेंट बेलाशक काढा. जुने अहवाल पुसण्याची सोयही प्रायव्हसी विभागातच आहे. तिथे मासिक आणि वार्षिक अहवाल राखायची खूण जरूर करा, दैनिक गेले तरी चालतात.

दर महिन्याला टेबलांचे आकार एका शीटमध्ये टिपत चला. एखाद्या महिन्यात एकदम उडी दिसली, तर त्याच सुमारास साइटवर नवं काय चढवलं ते डेव्हलपरला विचारा.