भयगूढ मालिकेतील पात्रांची खतावणी कशी मांडावी

लातूरच्या आडत दुकानातला मुनीम दिवसभराचे व्यवहार आधी रोजकीर्दीत घडतील तसे उतरवतो आणि मग खतावणीत ज्याचे त्याच्या खात्यावर नेतो. दररोज दाखवल्या जाणाऱ्या मालिकेतील पात्रांच्या नीतीची आणि त्यांच्या उद्धाराची तुलना करायची असेल, तर मला हीच रीत सर्वांत उपयोगी वाटते, कारण अशा मालिकेत कालचा खुनी आज घराचा रक्षणकर्ता होतो आणि पाहणाऱ्याला मधला हिशेब आठवत नाही. उदाहरण म्हणून मी ‘डार्क शॅडोज’ ही एबीसी वाहिनीची अमेरिकी मालिका घेतो. २७ जून १९६६ ते २ एप्रिल १९७१ या काळात तिचे १२२५ भाग प्रसारित झाले, म्हणजे खतावणीशिवाय गत्यंतर नाही.

पहिले काम क्रम लावण्याचे. बार्नबस कॉलिन्स हा रक्तपिपासू १९६७ मध्ये शवपेटीतून बाहेर येतो, गावातल्या मॅगी इव्हान्स या तरुणीला पळवून कोंडतो आणि तिने आपली मेलेली प्रेयसी जोझेट व्हावे म्हणून तिचा छळ करतो. त्यानंतर मालिका १७९५ मध्ये जाते आणि अँजेलिक या चेटकिणीच्या शापाने त्याची ही गत कशी झाली ते दाखवते. शाप नंतर कळल्यामुळे आपली कणव मॅगीवरून उठून त्याच्याकडे जाते. ‘रात्रीस खेळ चाले’च्या दुसऱ्या पर्वाने मागे जाऊन जिवंत अण्णा नाईक दाखवले, तेव्हा आपल्याकडेही असेच झाले होते. म्हणून रोजकीर्द प्रसारणाच्या क्रमाने लिहावी, पण खतावणी पात्राच्या आयुष्याच्या क्रमाने मांडावी. त्या क्रमाने पाहिले की, शापाच्या आधीच बार्नबसने दासी असलेल्या अँजेलिकशी संबंध ठेवून, जोझेटसाठी तिला बाजूला सारले होते, ही नोंद सर्वांत वर येते.

दुसरे काम सक्ती वेगळी काढण्याचे. विली लूमिस दागिन्यांच्या हावेने शवपेटी उघडतो. ती नोंद पूर्णपणे त्याच्या नावे टाकावी. पण बार्नबसचा चावा बसल्यानंतर तो या धन्याचा गुलाम होतो आणि त्या अवस्थेत केलेली कामे धन्याच्या खात्यावर गेली पाहिजेत. उलट, त्याच गुलामीत तो मॅगीला सावध करायला जातो, पोलिसांच्या गोळ्या खातो आणि अपहरणाचा आळही त्याच्याच माथी येतो. मोकळ्या माणसाने दिलेल्या इशाऱ्यापेक्षा बांधलेल्या माणसाचा इशारा मी जास्त धरतो.

तिसरे काम अवघड आहे. जमेची नोंद करताना प्रत्येक वेळी विचारावे की, ही भरपाई नेमकी कोणाला मिळाली. पुढच्या कथानकात बार्नबस कुटुंबासाठी जिवावर उदार होतो, घरातल्या लहानग्या डेव्हिडला वाचवण्यासाठी १८९७ पर्यंत मागे जातो, आणि प्रेक्षकांना तो नायक वाटू लागतो. हे सारे कॉलिन्स घराण्याच्या खात्यावर जमा आहे. मॅगीच्या खात्यावर मात्र एक पैसाही नाही. त्याहून वाईट म्हणजे मॅगीवर उपचार करणारी आणि पुढे बार्नबसची साथीदार झालेली डॉ. ज्युलिया हॉफमन संमोहनाने मॅगीची आठवणच पुसून टाकते. ज्या बाईला आपला अपराधी कोण हेच आठवत नाही, ती क्षमा तरी कशाची करणार? पुढे मॅगी बार्नबसशी स्नेहाने वागते, त्या स्नेहाला क्षमा समजून जमेला धरणे हा या तुलनेतला सर्वांत सर्रास होणारा घोटाळा आहे. बार्नबसचे गुपित कळलेल्या डॉ. वुडर्डचा खूनही याच पानावर येतो. औषध ज्युलियाने तयार केले, सुई बार्नबसने टोचली आणि मृत्यू हृदयविकाराचा वाटला. ज्युलियावर कोणताही शाप नव्हता. तरीही ‘तो राक्षस, ती बिचारी प्रेमात पडलेली’ असे लोक म्हणतात, ते मला पटत नाही.

पस्तावा, प्रायश्चित्त आणि उद्धार हे तीन शब्द तीन रकान्यांत ठेवावेत. औंढा नागनाथच्या विसोबा खेचरांची कथा मराठवाड्यात सर्वांना ठाऊक आहे. मुक्ताबाईला मांड्यांसाठी खापर मिळू नये म्हणून अडवणारा हा माणूस पुढे त्याच भावंडांच्या पायी लागला आणि त्यांचाच शिष्य झाला, अशी परंपरा सांगते. नामदेवांचा गुरू म्हणून तो नंतर मान्यता पावला. ज्यांना छळले त्यांच्याच दारी तो गेला, म्हणून त्याचा पस्तावा प्रायश्चित्ताच्या रकान्यात जातो. अँजेलिकच्या बाबतीत तसे म्हणता येत नाही. १८४० च्या कथानकात ती शक्ती गमावते, बार्नबस तिच्यावरील प्रेमाची कबुली देतो आणि ती गोळी लागून मरते. प्रसंग हृदयद्रावक आहे, पण तिच्या जादूने उद्ध्वस्त झालेल्या जोझेट आणि बार्नबसचा काका जेरेमाया यांना त्यातून काहीच मिळत नाही.

शेवटी एकच खतावणी दोघांनी आपापल्या वहीत स्वतंत्रपणे लिहावी आणि मग ताळा घ्यावा. परभणीच्या आत्याबरोबर मी हे करतो आणि आमचे भांडण मॅग्डावर अडते. १८९७ च्या कथानकात बहीण जेनीचा तिच्या नवऱ्याने, क्वेंटिन कॉलिन्सने, खून केला म्हणून मॅग्डा त्याला नरवृक, म्हणजे माणसाचा लांडगा, होण्याचा शाप देते; जेनीला जुळी मुले होती आणि शाप त्यांच्या वंशाला लागणार, हे तिला नंतर कळते. मग उःशापाच्या धडपडीत ती काउंट पेटोफीचा तोडलेला जादुई हात चोरते आणि नवराही गमावून बसते. आत्या म्हणते, “अरे, माय मरो पण मावशी जगो म्हणतात ते काय उगीच? भाच्यांसाठी जीव तुटला, त्यात पस्तावा कुठला?” माझे म्हणणे असे की, किंमत स्वतःच्या घरातून मोजली गेली असेल तर हेतू आपमतलबी असला तरी रक्कम जमा धरावी. आत्याच्या वहीत ती ओळ पेन्सिलीने लिहिलेली आहे, माझ्या वहीत शाईने, आणि दोन्ही वह्यांत मॅग्डाचे खाते अजून बंद झालेले नाही.