पेपरात लाजिरवाणा फोटो आला? दावा ठोकण्याआधी या चुका टाळा

माशेलचा चिखलकालो, सांजांव, शिगमो, कार्निव्हल. गोव्यात वर्षभर माणसं रस्त्यावर उतरून नाचतात, भिजतात, चिखलात लोळतात, आणि समोर कॅमेरे असतातच. त्यातलाच एखादा फोटो दुसऱ्या दिवशी पेपरात येतो: चड्डी घसरलेली, तोंड वेडंवाकडं, पाय वर. सकाळी पहिला फोन मेव्हण्याचा येतो, दुपारपर्यंत गावच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर त्या फोटोला नवनवे मथळे जोडले जातात, आणि तो माणूस पुढचे काही दिवस तिंट्यावर, म्हणजे गावच्या नाक्यावर, जायचं टाळतो. हा अपमान खरा असतो. "एवढं काय मनावर घ्यायचं" म्हणणाऱ्यांशी माझं अजिबात पटत नाही. पण रागाच्या भरात पहिल्या आठवड्यात जे केलं जातं, त्यानेच पुढे चांगला दावा बुडू शकतो. म्हणून हे लिहितो आहे.

लाज वाटली म्हणजे बदनामी झाली, असं धरून चालणं

सगळ्यात मोठी चूक हीच. भारतीय न्याय संहितेच्या कलम ३५६ मध्ये बदनामी शब्दांनी, खुणांनी किंवा दृश्य चित्रणानेही होऊ शकते, म्हणजे फोटो त्यात येतो. पण फोटोने तुमच्याबद्दल लोकांच्या मनात काहीतरी वाईट भरवलं पाहिजे: चारित्र्याबद्दल, धंद्याबद्दल, बाजारातल्या पतीबद्दल, किंवा शरीराची अवस्था घृणास्पद वा लाजिरवाणी आहे असं. नुसतं हसं झालं, एवढ्यावर भागत नाही.

एकच फोटो घेऊन पाहू. समजा, चिखलकाल्यात एक गृहस्थ घसरून पडलेत, अंगभर चिखल, डोळे मिटलेले. खाली ओळ आहे: "माशेल येथे चिखलकाल्याचा आनंद लुटताना भाविक." फोटो खरा, ओळ खरी. दिवाणी दाव्यात सत्य हा पूर्ण बचाव आहे, त्यामुळे इथे बदनामीचा दावा टिकणं कठीण. आता तोच फोटो दारूबंदीच्या लेखासोबत येतो आणि खाली छापलेलं असतं, "नशेत धुंद होऊन पडलेला इसम." गृहस्थांनी थेंबभरही घेतलेली नसेल तर इथे खोटा आरोप झाला, आणि दावा भक्कम आहे. तिसऱ्या वेळी तो फोटो साबणाच्या जाहिरातीत वापरला जातो. आता प्रश्न वेगळाच: तुमची संमती न घेता तुमच्या चेहऱ्यावर कुणी पैसे कमावले.

जाहिरातीवरून आठवलं. अमेरिकेत १९३६ साली एका घोडेस्वाराचा सिगारेटच्या जाहिरातीतला फोटो कोर्टात गेला होता. खोगिराचा पट्टा अशा कोनात टिपला गेला होता की पाहणाऱ्याला भलतंच अश्लील वाटावं. त्याच्याबद्दल एकही खोटं वाक्य छापलेलं नव्हतं, आणि तो दृष्टिभ्रम आहे हे कुणालाही कळत होतं. तरीही न्यायमूर्ती लर्नेड हँड यांनी म्हटलं की माणसाला हास्यास्पद करून सोडणारं चित्र हीसुद्धा बदनामी असू शकते. आपल्या कोर्टांवर हा निकाल बंधनकारक नाही, पण वकिलाला सांगून ठेवण्यासारखा आहे.

उलट बाजूही पाहा. १९९५ मध्ये इंग्लंडच्या हाऊस ऑफ लॉर्ड्ससमोर दूरचित्रवाणी मालिकेतल्या दोन कलाकारांचा खटला आला. एका साप्ताहिकाने त्यांचे चेहरे अश्लील चित्रांवर चिकटवून छापले होते. सोबतचा मजकूर वाचला की हे एका कॉम्प्युटर गेमचं काम आहे, कलाकारांचा त्यात काही संबंध नाही, हे स्पष्ट होत होतं. ते हरले. बरेच वाचक फक्त फोटो आणि मथळा बघून पान उलटतात, हे कोर्टालाही ठाऊक होतं, पण फोटो, मथळा आणि मजकूर एकत्रच वाचायचा असं ठरलं. मला हा निकाल आजही निर्दय वाटतो. म्हणून फक्त फोटोचं कात्रण हातात धरून वकिलाकडे जाऊ नका, अख्खं पान न्या.

बदनामी आणि खासगीपणा यांची सरमिसळ

फोटो शंभर टक्के खरा असेल, तर बहुधा तुमची तक्रार बदनामीची नसून खासगीपणाची असते. अमेरिकेतल्या अलाबामा राज्यात १९६१ साली एक बाई मुलांना घेऊन जत्रेत गेली होती. तिथल्या गंमतघरातून बाहेर पडताना जमिनीतून आलेल्या हवेच्या झोताने तिचा झगा वर उडाला, आणि नेमका तो क्षण स्थानिक पेपरने पहिल्या पानावर छापला. राज्याच्या सर्वोच्च न्यायालयाने १९६४ मध्ये ४,१६६ डॉलर भरपाई कायम केली. सार्वजनिक जागी असताना अपघाताने लाजिरवाण्या अवस्थेत सापडलेल्या माणसाचा हक्क तेवढ्याने संपत नाही, हे त्यामागचं तत्त्व. पण टेक्ससमध्ये फुटबॉल सामन्यात गुप्तांग दिसेल असा फोटो छापलेल्या शाळकरी खेळाडूला १९९१ मध्ये कोर्टाने काहीच दिलं नाही, कारण सामना सार्वजनिक होता आणि बातमीही खरी होती.

आपल्याकडे सर्वोच्च न्यायालयाच्या १९९४ च्या राजगोपाल निकालाने आणि २०१७ च्या पुट्टास्वामी निकालाने खासगीपणाचा हक्क मान्य केला आहे. तेव्हा तुमच्या अर्जात दोन्ही कारणं असतील तर ती वेगवेगळी मांडून घ्या. किनाऱ्यावर पोहणाऱ्याचे, ऊन खाणाऱ्याचे फोटो परवानगीशिवाय काढू नयेत, असं गोवा पर्यटन खात्याने जानेवारी २०२३ मध्ये आवाहन केलं होतं. ते आवाहनच आहे, त्यावर दावा उभा राहत नाही. मात्र उघडे किंवा फक्त अंतर्वस्त्रांनी झाकलेले खासगी अवयव संमतीशिवाय, खासगीपणा मोडून टिपले किंवा छापले असतील, तर माहिती तंत्रज्ञान कायद्याचं कलम ६६-ई लागू होतं आणि तिथे तीन वर्षांपर्यंत कैद आहे.

"पोर्तुगीज कायद्यात भरपूर मुदत आहे"

हे वाक्य गोव्यात अजून ऐकू येतं, आणि त्यावर विसंबल्यास दावा मेलाच म्हणून समजा. मुदतीबाबतची पोर्तुगीज नागरी संहितेची तरतूद आता चालत नाही. १९६३ चा मुदत कायदाच गोव्याला लागू, असं सर्वोच्च न्यायालयाने २००१ मध्ये स्पष्ट केलं. त्या कायद्यानुसार छापील बदनामीच्या दिवाणी दाव्याला प्रसिद्धीपासून एकच वर्ष मिळतं. फौजदारी तक्रारीला तीन वर्षं असल्यामुळे बऱ्याच जणांना वाटतं, दोन्हींना तेवढीच. ई-पेपरवर फोटो अजून दिसतोय म्हणून मुदत रोज नव्याने सुरू होते, असंही समजू नका. दिल्ली उच्च न्यायालयाने २०१३ मध्ये मुदत पहिल्या प्रसिद्धीपासूनच मोजली आहे.

पोलीस ठाण्यात जाऊन बसणं

साधी बदनामी अदखलपात्र आहे, म्हणजे कोर्टाच्या आदेशाशिवाय पोलीस तपास करत नाहीत. ते एनसी, म्हणजे अदखलपात्र नोंद, लिहून घेतील, फार तर समजूत काढतील. फौजदारी मार्ग धरायचा तर प्रथमवर्ग न्यायदंडाधिकाऱ्यासमोर तुम्हालाच तक्रार दाखल करावी लागते, आणि आता नव्या नागरिक सुरक्षा संहितेप्रमाणे दखल घेण्याआधी समोरच्यालाही म्हणणं मांडायची संधी मिळते. शिक्षा दोन वर्षांपर्यंत साधी कैद, दंड, दोन्ही, किंवा समाजसेवा. पेपर मुंबईत किंवा बेळगावात छापला म्हणून तिथे धाव घेण्याची गरज नाही. गोव्यात त्याचे अंक विकले गेले आणि नुकसान इथे झालं, तर दिवाणी दावा फोंडा, म्हापसा, मडगाव, जिथे लागू पडेल त्या इथल्याच कोर्टात लावता येतो.

पुरावा म्हणून फक्त फॉरवर्ड आलेला फोटो

यावर जरा थांबून बोलायला हवं. पहिल्याच दिवशी दुकानातून त्या अंकाच्या दोन-तीन पूर्ण प्रती घ्या, तारीख आणि आवृत्तीचं नाव दिसेल अशा. मुद्रक, प्रकाशक आणि संपादक यांची नावं छापलेली ओळ त्यात असलीच पाहिजे, नोटीस कुणाला पाठवायची ते तिथून कळतं. ई-पेपरचं पान पत्ता, तारीख आणि वेळ दिसेल असं जतन करा, कारण नोटीस पोचली की ते पान गायब झालं तर तुमच्याकडे काही उरत नाही. संगणकावरच्या किंवा मोबाइलमधल्या प्रतीसाठी भारतीय साक्ष्य अधिनियमाच्या कलम ६३ चं प्रमाणपत्र लागतं. ते नसलं तर काय होतं, याची चर्चा जालन्याच्या निवडणूक वादातून आलेल्या २०२० च्या खोतकर निकालात सविस्तर झाली आहे.

आणि माणसं शोधा. बदनामी म्हणजे दुसऱ्यांच्या नजरेत उतरणं, तुमच्या स्वतःच्या वाईट वाटण्याने ते सिद्ध होत नाही. फोटो पाहून ज्याने ऑर्डर रद्द केली तो गिऱ्हाईक, मुलीच्या सोयरिकीबद्दल विचारणा थांबवणारं घर, शाळेत विषय काढणारे शिक्षक, यांपैकी साक्ष द्यायला कोण तयार आहे ते तेव्हाच लिहून ठेवा.

स्वतःच फोटो पसरवणं

"पाहा, यांनी काय छापलंय" म्हणून तोच फोटो आपल्या स्टेटसवर टाकायचा मोह होतो. टाकू नका. दोनशे लोकांनी पाहिलेली गोष्ट दोन हजारांपर्यंत तुम्हीच नेता, आणि समोरचा वकील उलटतपासणीत तुमचं स्टेटस तुमच्याच हातात ठेवतो.

पाच कोटींची नोटीस

जेवढ्या रकमेचा दावा, त्या प्रमाणात कोर्ट फी. शिवाय पाच कोटींच्या आकड्याने संपादक घाबरत नाही, थेट कंपनीच्या वकिलाकडे पाठवतो आणि बोलणं बंद होतं. पहिलं पत्र साधं, नेमकं हवं: "आपल्या दि. अमुकच्या अंकात पान ५ वर माझा फोटो 'नशेत धुंद' या ओळीसह छापला आहे. मी त्या दिवशी मद्यप्राशन केले नव्हते. ही ओळ खोटी आहे. सात दिवसांत त्याच पानावर, तेवढ्याच आकारात खुलासा छापावा व ई-पेपरमधून फोटो काढावा." मुख्य मुद्दा "तेवढ्याच आकारात" हा आहे. नाहीतर दिलगिरी निविदांच्या जाहिरातींमध्ये चार ओळींत छापून मोकळे होतात.

हेच पत्र भारतीय प्रेस परिषदेकडे जायलाही उपयोगी पडतं, कारण तिथे आधी संपादकाला लिहिलेलं असावं लागतं आणि दैनिकाबाबत दोन महिन्यांच्या आत तक्रार करावी लागते. परिषद ताशेरे ओढू शकते, भरपाई देऊ शकत नाही. प्रकरण कोर्टात असेल तर ती हात लावत नाही.

बातमी येण्याआधीच स्थगिती मिळेल, या भरवशावरही राहू नका. माध्यमांविरुद्ध असे अंतरिम मनाई आदेश यांत्रिकपणे देऊ नयेत, असं सर्वोच्च न्यायालयाने ब्लूमबर्ग या वृत्तसंस्थेच्या प्रकरणात मार्च २०२४ मध्ये बजावलं आहे.

मूल किंवा अत्याचारपीडित असेल तर

तिथे बदनामीच्या रस्त्याने जाऊच नका. गुन्ह्याच्या किंवा चौकशीच्या बातमीतल्या अल्पवयीन मुलाची ओळख उघड केल्यास बाल न्याय कायद्याचं कलम ७४ आहे, पोक्सोचं कलम २३ आहे, लैंगिक अत्याचाराच्या पीडितेसाठी न्याय संहितेचं कलम ७२ आहे. चेहरा धूसर केला पण घराचं फाटक, शाळेचा गणवेश दिसतोय, तरी ओळख उघड झालीच. ही कलमं वकिलाला तुम्हीच आठवण करून द्या.

तोंडी माफीवर केस मागे घेणं

बदनामीत आपसात मिटवता येतं, आणि पुष्कळदा तेच शहाणपणाचं असतं. फक्त संपादकाच्या केबिनमधल्या चहावर विश्वास ठेवून अर्ज मागे घेऊ नका. तडजोडीचा मजकूर लेखी घ्या. त्यात खुलासा कोणत्या तारखेला, कोणत्या पानावर येणार ते असू द्या, ई-पेपरच्या संग्रहातून आणि पेपरच्या फेसबुक पानावरून फोटो कधी काढणार ते असू द्या, आणि तो फोटो पुन्हा फाइल फोटो म्हणून वापरणार नाही ही अटही. खुलासा छापून आला की त्या अंकाच्याही दोन प्रती घ्या, आणि त्यानंतरच कोर्टात सही करा.